वर्षअखेरीचे सिनेमे : २१ डिसेंबर ते ५ जानेवारी. कुठला, कधी आणि कुणाबरोबर?

मधली_रांग | ३ डिसेंबर २०२३, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी,

डिसेंबर लागला की आमच्या घरात दोन याद्या होतात. एक हुरड्याला कुठे जायचं याची आणि दुसरी सिनेमांची. पहिलीवर दहा मिनिटांत एकमत होतं. दुसरीवरून गेल्या वर्षी दोन दिवस अबोला होता, म्हणून यंदा आधीच धागा काढतेय.

घरची परिस्थिती अशी. सासूबाई ७४, निवृत्त शिक्षिका, गुडघे दुखतात पण सिनेमा सोडत नाहीत. लेक १६ वर्षांची, शाहरुखसाठी जीव टाकते. धाकटे चिरंजीव ९ वर्षांचे, त्यांना मारामारी हवी पण रक्त नको. नवऱ्याला प्रभास. नणंद २२ तारखेला नागपूरहून येतेय. मला काय हवं ते अजून कुणी विचारलेलं नाही.

जमवलेल्या तारखा देते, चुकलं असेल तर दुरुस्त करा. परवाच्या शुक्रवारी ‘अ‍ॅनिमल’ आणि ‘सॅम बहादूर’ लागलेत. ‘अ‍ॅनिमल’ला ‘ए’ (फक्त प्रौढांसाठी) आहे आणि लांबी तीन तास एकवीस मिनिटं, त्यामुळे आमच्या घरापुरता तो बाद. चिरंजिवांना सध्या गणवेशाचं वेड आहे, तेव्हा ‘सॅम बहादूर’ उतरायच्या आत बघू. ८ ला ‘जोरम’ आणि मुलांसाठी ‘वोंका’. २१ ला, गुरुवारी, ‘डंकी’. दुसऱ्याच दिवशी ‘सालार’. ‘मेरी ख्रिसमस’ नावाचा सिनेमा ख्रिसमसला येत नाहीये, तो गेला १२ जानेवारीला. म्हणजे केकऐवजी तिळगूळ.

आणि आता माझा खरा प्रश्न. ५ जानेवारीच्या एकाच शुक्रवारी तीन मराठी सिनेमे आहेत : ‘पंचक’, ‘ओले आले’ आणि ‘सत्यशोधक’. वर्षभर शुक्रवार असतात हो. हे लोक एकमेकांना फोन करत नाहीत का?

---

अर्धवटराव_२ | ३ डिसेंबर, रात्री १०:१५

फोन कशाला करतील? मार्चपर्यंत तिन्ही ओटीटीवर येतील. पांघरूण घेऊन बघा. सहा जणांची तिकिटं, वर पॉपकॉर्न, तेवढ्यात वर्षभराचं सबस्क्रिप्शन होतं. ७ तारखेला नेटफ्लिक्सवर ‘द आर्चीज’ येतोय, २६ ला ‘खो गए हम कहां’. लेकीची सोय झाली. बाकीचे झोपा.

---

चिमणी_पाखरे | ३ डिसेंबर, रात्री ११:०२

@अर्धवटराव, तुमचं ऐकून आम्हीही घरीच बसलो असतो तर बरं झालं असतं, पण कारण वेगळं आहे. कालचीच गोष्ट.

‘झिम्मा २’ पहिल्या आठवड्यात राहिला, शाळेत गॅदरिंगच्या तालमी चालू आहेत. काल शनिवारी पाच जणींनी सकाळी पावणेदहाचा शो धरला. रिक्षा करून, साड्या नेसून, एकीने तर सासऱ्यांचा नाश्ता आदल्या रात्री करून ठेवलेला. दारावरच्या मुलाने मोबाइलवरचं तिकीट बघितलं, पुन्हा बघितलं, आणि म्हणाला, “मॅडम, हा शो ड्रॉप झालाय.” का? तर बुकिंग आमच्या पाचांचंच होतं. पैसे पाच ते सात दिवसांत परत येतील. मग फार उपकार केल्यासारखा म्हणतो, “त्याच स्क्रीनला आता अ‍ॅनिमल लावलाय, त्यात बसवू का?”

पाच शिक्षिका. सकाळी पावणेदहाला. अ‍ॅनिमल.

समोर वडापाव खाल्ला आणि घरी आलो. आदल्या आठवड्यात त्याच ठिकाणी ‘झिम्मा’चे सात शो होते, हे मी स्वतः ॲपवर बघितलं होतं. कालच्या शनिवारी दोन.

---

जर्सीची_गाय | ४ डिसेंबर, सकाळी ६:२०

हसून हसून पुरेवाट, चिमणी! “त्यात बसवू का?”

आमच्याकडे अमेरिकेत ‘झिम्मा २’ मिळाला, पण शनिवार-रविवार मिळून मोजके शो, तेही पाऊण तास गाडी चालवून. मराठी सिनेमा इथे लग्नासारखा असतो. तारीख एकच, चुकली की चुकली. पार्किंगमध्येच अर्ध्या ओळखी निघतात, डब्यातून आणलेल्या चिवड्याची देवाणघेवाण होते. सुहास जोशी पडद्यावर आल्या की मागच्या रांगेतून एक काकू “अगंबाई, किती गोड” म्हणणार, हे ठरलेलं. घरी टीव्हीवर त्या काकू कुठून आणू?

‘सालार’चं मात्र विचारू नका. तेलुगू सिनेमाचे प्रीमियर इथे आदल्या रात्रीच असतात, तिकीट नेहमीपेक्षा बरंच महाग, आणि तरी भरतात. ऑफिसातली तेलुगू मुलं २२ ची रजा टाकून मोकळी झालीत.

---

खारेदाणे | ४ डिसेंबर, दुपारी १:४०

मधली रांग ताई, फोन करतात हो. उचलत कुणी नाही.

मी काही वर्षं एका वितरकाच्या ऑफिसात काढलीत (आता नाही, त्यामुळे मोकळेपणी लिहितो). नाताळचा आठवडा मराठी निर्मात्याला दुरून फार साजरा दिसतो. शाळा बंद, लोकांच्या हातात पैसा, तीन दिवसांची सुट्टी. पण ते ताट आधीच कुणीतरी वाढून घेतलेलं असतं. २०१७ आठवा. २२ डिसेंबरला ‘टायगर जिंदा है’ आला, त्याच दिवशी आपले ‘देवा’ आणि ‘गच्ची’. थिएटर मिळेनात म्हणून पार राजकीय पक्ष मध्ये पडले, पत्रं गेली, चॅनलवाले आले. शो मिळाले, पण कुठले, तर सकाळचे आणि आडवेळेचे. भांडून मिळवलेल्या शोला प्रेक्षक कुठून आणायचा?

उलट गेल्या वर्षीचं ‘वेड’ बघा. तारीख ३० डिसेंबर. त्याच्या आधीच्या शुक्रवारी आलेला ‘सर्कस’ आठवड्यात बसला होता. ‘अवतार’ चालू होता, पण त्याचा प्रेक्षक वेगळा. आणि पुढचा मोठा हिंदी, म्हणजे ‘पठाण’, थेट २५ जानेवारीला. जवळजवळ चार आठवडे मोकळं रान. सिनेमा लोकांना आवडला हे आहेच, पण आवडायला तो आधी थिएटरात टिकावा लागतो ना.

हे नवीनही नाही. ‘टाइमपास’ ३ जानेवारी २०१४. ‘नटसम्राट’ १ जानेवारी २०१६. जानेवारीचा पहिला आठवडा ही मराठी सिनेमाची खरी दिवाळी आहे, फक्त पंचांगात दिलेली नसते. यंदाही ‘सालार’ची पहिली लाट ओसरल्यावर १२ पर्यंत मोठं काही नाही, आणि ‘फायटर’ २५ ला. म्हणजे गेल्या वर्षीचंच रान. ते सगळ्यांना दिसलं, म्हणून तिघंही त्यातच घुसले.

---

तिरकस_कोन | ४ डिसेंबर, दुपारी ३:०५

खारेदाणे, पण मग दोघंही जगू शकतात याचं उदाहरण गेल्याच वर्षी आहे की. ‘वेड’ ३० डिसेंबरला आणि ‘वाळवी’ १३ जानेवारीला. मध्ये दोन आठवडे होते म्हणून ‘वाळवी’ला स्वतःची जागा सापडली. दोन आठवडे ठेवायला काय हरकत होती?

तिघांमध्ये ‘सत्यशोधक’चं मी समजू शकतो. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, त्याला धरून शुक्रवार ५ ला. त्यांची तारीख त्यांच्या विषयातून आलीय. संदीप कुलकर्णी जोतिराव फुले, राजश्री देशपांडे सावित्रीबाई. ट्रेलरमधला कुलकर्णींचा आवाज ऐकून मी तिकीट काढायचं ठरवलंय.

बाकी दोघांपैकी एकाने तरी १९ जानेवारी बघायला हवी होती.

---

बाल्कनीतला_मामा | ४ डिसेंबर, रात्री ८:३०

पोरांनो, जरा मागं जाऊया.

२०१५ चा पाडवा, १२ नोव्हेंबर, गुरुवार. एका दिवशी तीन : सलमानचा ‘प्रेम रतन धन पायो’, आपला ‘मुंबई-पुणे-मुंबई २’ आणि ‘कट्यार काळजात घुसली’. आम्ही कोल्हापूरकर. बायकोला दरव्हेकरांचं नाटक माहीत, म्हणून ‘कट्यार’ला गेलो. बाल्कनीत आम्ही दोघं, पुढच्या बाजूला एक म्हातारे गृहस्थ आणि दोन तरुण पोरं, गायनाच्या क्लासची असावीत. बास. डोअरकीपर ओळखीचा. म्हणाला, “मामा, शुक्रवारी उतरतंय बघा हे.”

दुसऱ्या रविवारी मेहुण्याला घेऊन परत गेलो तर बाहेर ‘हाउसफुल्ल’ची पाटी. तोच डोअरकीपर. मान खाली घालून तिकिटं फाडत होता, माझ्याकडं बघितलंच नाही त्यानं.

तीन वर्षांनी परत तसंच. २०१८ चा पाडवा, ८ नोव्हेंबर, पुन्हा गुरुवार. ‘ठग्ज ऑफ हिंदोस्तान’ आणि ‘आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर’. सगळे मोठे शो ठगांना. तो पहिल्या दिवशी फुगला आणि शनिवारपर्यंत फुग्यातली हवा गेली. मग ‘घाणेकर’चे शो वाढत गेले.

सांगायचं काय, तर तारखेला घाबरायचं असतं, पण किती ते ज्यानं त्यानं ठरवावं. खारेदाणे हिशोबाचा माणूस आहे, मी बाल्कनीतला.

---

खारेदाणे | ४ डिसेंबर, रात्री ९:१२

मामा, सलाम. पण ‘कट्यार’ दुसऱ्या रविवारपर्यंत टिकला, हे महत्त्वाचं. चिमणीताईंचा शो दुसऱ्या शनिवारी सकाळीच मेला.

हे कसं चालतं ते थोडक्यात सांगतो, अवांतर वाटलं तर पुढे जा. शुक्रवारचे शो साधारण मंगळवार-बुधवारी ठरतात. मल्टिप्लेक्सचा माणूस सोमवारचा आकडा बघतो. शनिवार-रविवारी सगळेच चालतात, सोमवार खरं बोलतो. तिकिटाच्या पैशातून कर वजा केला (२०२३ साली शंभर रुपयांपर्यंत १२ टक्के, वर १८) की उरलेल्यात वाटणी. हिंदीत रूढ हिशोब असा की पहिल्या आठवड्यात वितरकाला निम्मा, दुसऱ्यात साडेबेचाळीस टक्के, तिसऱ्यात साडेसदतीस, मग तीस. म्हणजे सिनेमा जितका मुरेल तितका थिएटरवाल्याचा फायदा जास्त.

मराठी सिनेमा तर मुरणाराच असतो. शेजारणीने शेजारणीला सांगितलं, भिशीत विषय निघाला, मग दुसऱ्या रविवारी गर्दी. ‘बाईपण भारी देवा’ यंदा जूनअखेरीला असाच चालला, बायकांचे जथे टेम्पो करून आले. पण तो शब्द पसरायला आठ-दहा दिवस लागतात, आणि नाताळात आठ-दहा दिवस कुणाकडे नसतात. गुरुवारी एक राक्षस, शुक्रवारी दुसरा.

---

शेंगाचटणी | ५ डिसेंबर, सकाळी ११:००

राक्षस म्हणू नका राव आमच्या ‘सालार’ला. सोलापुरात पूर्व भागात निम्मं घर तेलुगू बोलतंय, निम्मं मराठी, आणि भांडण दोन्हीत. आमच्याकडं तो मूळ तेलुगूतच लागणार. सप्टेंबरात, २८ ला येणार होता, तेव्हाच पोरांनी बॅनर छापून ठेवलेलं. तारीख पुढं गेली, बॅनर घडी घालून माळ्यावर. आता खालचा ‘२८ सप्टेंबर’ झाकायला वरून कागद चिकटवायचं चाललंय.

आणि मल्टिप्लेक्समधल्या रडगाण्यात सोलापूर-लातूर-नांदेड विसरू नका. आमच्या सिंगल स्क्रीनला पडदा एक, शो चार. तिथं दोन मोठे सिनेमे आले तर मालक दोघांना दोन-दोन देईल, असं तुम्हाला वाटतं. पण वरून सांगितलं जातं, घ्यायचा तर चारही घे. मग मराठीला शून्य. एकदम स्वच्छ हिशोब.

---

मधली_रांग | ५ डिसेंबर, रात्री १०:१०

बापरे, किती छान प्रतिसाद. माझं काम मात्र अवघड झालंय.

ताजी खबर. आज जेवताना ‘डंकी’चं नक्की करत होतो. लेकीला पहिल्याच दिवशी, २१ लाच हवाय. सासूबाईंनी शांतपणे कालनिर्णय काढलं. २१ ला मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. घट, पाच फळं, संध्याकाळी हळदीकुंकवाला सात जणी येणार. “तुमचा शाहरुख आला तर त्याला म्हणावं, प्रसाद घेऊन जा,” इति सासूबाई. हिंदीवाले गुरुवारी सिनेमा लावताना आमच्या महालक्ष्मीला विचारत नाहीत, हे बरोबर नाही.

नणंद फोनवरून म्हणाली की दिग्दर्शक हिरानी आमच्या नागपूरचा, तेव्हा ‘डंकी’ तिच्याशिवाय बघितला तर ती स्टेशनवरूनच परत जाईल. म्हणजे २३. शनिवार. दुप्पट दर.

---

अर्धवटराव_२ | ५ डिसेंबर, रात्री १०:३१

पांघरूण. ओटीटी. मी काही म्हणत नाही.

---

फोंडेकर | ६ डिसेंबर, सकाळी ९:४५

गोव्यातून हजेरी. आमच्याकडे नाताळात सिनेमाचं गणित आणखी निराळं. २० ते २८ नोव्हेंबर इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव झाला, नऊ दिवस रांगेत उभं राहून डोळे सुजलेत. पणजीत आता महिनाभर सिनेमा म्हटलं की लोक अंगावर येतात. २४ च्या रात्री शेजारी चर्चमध्ये मिसाला (प्रार्थनेला) जातात, २५ ला ताटं इकडून तिकडे, दोदोल आणि बेबिंक ही त्यांची मिठाई आमच्या घरात येते, आमच्या करंज्या दिवाळीतच त्यांच्याकडे गेलेल्या असतात. सासष्टीत (दक्षिण गोव्यात) सुट्टीतली करमणूक म्हणजे आधी तियात्र (कोंकणी नाटक), मग सिनेमा.

मराठी सिनेमा आमच्याकडे उशिरा येतो, कधी येतच नाही. ‘पंचक’ कोकणातला आहे म्हणतात. निदान तो तरी पत्रादेवीचा सीमेवरचा नाका ओलांडून यावा.

---

चिमणी_पाखरे | ६ डिसेंबर, दुपारी ४:२०

एक बाळबोध शंका. मल्टिप्लेक्सना मराठी सिनेमा प्राइम टाइमला दाखवायची सक्ती आहे ना? मग सकाळी पावणेदहा कुठून आलं?

---

खारेदाणे | ६ डिसेंबर, सायंकाळी ६:००

२०१५ मध्ये सरकारने घोषणा केली तेव्हा संध्याकाळी ६ ते ९ म्हटलं होतं. त्यावर इतका गदारोळ झाला की मग प्राइम टाइम दुपारी १२ ते रात्री ९ झाला. आता मंगळवारी दुपारी साडेबाराचा शो लावला की प्राइम टाइम झाला. कोण जाणार? तुम्ही शाळेत, मी कामावर, मामा वामकुक्षीत.

---

बाल्कनीतला_मामा | ६ डिसेंबर, सायंकाळी ६:४०

मी जाईन. वामकुक्षी तिथंच.

---

तिरकस_कोन | ७ डिसेंबर, रात्री ११:३०

एक राहिलं. याच दिवाळीत, १० नोव्हेंबरला, ‘श्यामची आई’ आणि ‘नाळ २’ एकाच शुक्रवारी आले. दोन्ही आई-मुलाचे, दोन्ही घरातल्या सगळ्यांनी बघण्यासारखे. एकाच घराला दोन्ही दारांतून हाक मारली. आणि रविवारी लक्ष्मीपूजनाला ‘टायगर ३’ आला. माझ्या बहिणीने मुलांना घेऊन ‘नाळ २’ बघितला आणि ‘श्यामची आई’ पुढच्या शुक्रवारी बघू म्हणाली. पुढच्या शुक्रवारी तिच्या गावात तो नव्हता. कृष्णधवल चित्रीकरण, पडद्यावर बघायची गोष्ट, आता बहीण फोनवर बघेल.

म्हणून ५ जानेवारीचं बघून मला हसू येत नाही. ‘पंचक’चे निर्माते माधुरी दीक्षित आणि डॉ. नेने, ‘ओले आले’त नाना पाटेकर. म्हणजे दोघांच्या मागे नाव आहे, जाहिरात आहे, मुलाखती होतील. ‘सत्यशोधक’च्या मागे जोतिराव आहेत. पण पहिल्या बुधवारी मल्टिप्लेक्सचा माणूस शो वाटायला बसेल, तेव्हा जोतिराव त्याच्या कागदावर कुठे बसतील?

---

खारेदाणे | ८ डिसेंबर, सकाळी ८:१५

कोन, त्याला एक उतारा आहे. शाळा, संस्था, बचत गट. ३५-४० जणांनी आधीच पैसे भरून बुकिंग केलं तर कुठलाच व्यवस्थापक शो पाडत नाही. पाच तिकिटांवर पाडतो, चाळीसवर चहा विचारतो. चिमणीताई, तुमच्या शाळेत बोला.

---

शेंगाचटणी | १८ डिसेंबर, दुपारी २:५०

धागा वर काढतोय. बुकिंग सुरू झालंय आणि ‘सालार’ला ‘ए’ मिळालंय! बारावीतला पुतण्या रडवेला झालाय. बॅनरवर सगळ्यात मोठा फोटो त्याचाच, प्रभासच्या खालोखाल.

---

मधली_रांग | १८ डिसेंबर, रात्री ९:००

आमच्याकडे त्यामुळे प्रश्न सुटला. नवरा ‘सालार’ला एकटा जाणार, आम्ही बाकी सगळे ‘डंकी’ला. २३ ची पाच तिकिटं काढली. आकडा लिहीत नाही, सासूबाईंनी विचारला तेव्हाही निम्माच सांगितला.

---

मधली_रांग | २६ डिसेंबर, दुपारी १२:१०

दत्तजयंतीच्या शुभेच्छा. वृत्तांत देते, कथा सांगणार नाही.

‘डंकी’ बघून लेक खूश, नणंद जास्त खूश. मध्यंतरापर्यंत हसणं, नंतर रडणं, हिरानींचा नेहमीचा मसाला. मला दुसरा भाग ओढलेला वाटला. मधल्या पॅसेजमधून सासूबाईंना हात धरून नेताना लक्षात आलं की नवीन आरामखुर्च्या त्यांना उलट त्रासाच्या. पाय वर जातात, खाली येत नाहीत. पाणी प्यायचं तर बटण शोधा. चिरंजिवांनी त्या बटणाशी इतका खेळ केला की मागच्या गृहस्थांनी त्याला “वैमानिक” म्हटलं.

बाहेरचं खायला बंदी, ते ठीक. यंदा जानेवारीत सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की थिएटरला तशी बंदी घालता येते, पण पिण्याचं पाणी फुकट द्यायला हवं. पाणी मागितलं तर कोपऱ्यातला एक नळ दाखवला, ज्याच्यासमोर बादली होती.

नवरा ‘सालार’ बघून रात्री एकला आला. “कसा होता?” म्हटलं तर म्हणे, “अर्धाच आहे, बाकीचा पुढच्या भागात.” तीन तास बसून अर्धा.

---

जर्सीची_गाय | २७ डिसेंबर, सकाळी ७:००

“वैमानिक”! :)

आणि ५ चं काय ठरलं?

---

मधली_रांग | २ जानेवारी २०२४, रात्री १०:२५

‘पंचक’ मला बघायचा होता, भारती आचरेकर आणि दिलीप प्रभावळकर एकत्र म्हणून. पण पंचक म्हणजे मरणाशी जोडलेला अशुभ काळ. सासूबाई म्हणाल्या, “निघताना शेजारची विचारेल, कुठं चाललात? काय सांगू, पंचकाला?” अंधश्रद्धेची खिल्ली उडवणारा सिनेमा आहे असं सांगून बघितलं. “खिल्ली तू उडव, मी घरी थांबते.”

मग त्यांनीच ‘सत्यशोधक’ काढला. एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलंय त्यांनी, दर ३ जानेवारीला मुलींकडून भाषणं बसवून घेतली. “ती भाषणं मीच लिहून द्यायचे. आता कुणी तरी मला दाखवू दे.”

---

चिमणी_पाखरे | ४ जानेवारी, सायंकाळी ७:१५

खारेदाणे, आमचं जमलं! मुख्याध्यापिकाबाईंनी परवानगी दिली, नववीच्या मुली आणि आम्ही सहा जणी, एकूण बेचाळीस. सोमवारी सकाळचा शो. फोनवर तोच आवाज होता, “अ‍ॅनिमलमध्ये बसवू का”वाला. या वेळी “चहा घेणार का मॅडम, शिक्षकांना आमच्याकडून” म्हणाला. अक्षरशः.

---

मधली_रांग | ७ जानेवारी, रात्री ८:४०

काल शनिवारी दुपारी सव्वाबाराचा शो. मी, सासूबाई आणि चिरंजीव. बाकीच्यांनी ‘ओले आले’ बघितला, त्यांचा वृत्तांत ते स्वतः लिहितील तर शप्पथ.

चिरंजिवांनी दिवे मालवायच्या आत डोकी मोजली, सत्तावीस. आमच्यापुढे तीन पिढ्या होत्या : एक आजी, तिची लेक आणि लेकीची लेक, वेणीत अबोली माळलेली. मध्यंतरात सासूबाईंनी पर्समधून हळूच राजगिऱ्याचा लाडू काढला आणि त्या मुलीला दिला. सुप्रीम कोर्टाची क्षमा असावी. कितवीत आहेस, विचारलं. चौथी. “परवा भाषण केलंस का?” तर पोरगी तिथेच, खुर्च्यांच्या मधल्या पॅसेजमध्ये उभी राहून सुरू झाली, अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग. मागच्या रांगेतल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी तिला एका ठिकाणी थांबवून साल दुरुस्त करायला लावलं. १८४८.

सिनेमा काही ठिकाणी पाठ्यपुस्तकासारखा झालाय, संवाद थोडे भाषणी आहेत. संदीप कुलकर्णी मात्र शेवटपर्यंत धरून ठेवतात. सासूबाई रिक्षात काहीच बोलल्या नाहीत. घरी आल्यावर कपाटातून शाळेच्या जुन्या गटफोटोंची पिशवी काढली, ती अजून दिवाणावर पसरलेली आहे.

---

तिरकस_कोन | १० जानेवारी, रात्री ११:५०

पुढच्या शुक्रवारचे शो लागलेत. माझ्या पिनकोडला बघितलं : ‘ओले आले’ चार, ‘पंचक’ दोन, ‘सत्यशोधक’ एक. रात्री १०:४०.

---

बाल्कनीतला_मामा | ११ जानेवारी, सकाळी ७:०५

आमच्याकडं ‘सत्यशोधक’ दुपारी साडेबाराचा आहे. मी आणि बायको जातोय. कोल्हापूरकर कुणी असेल तर या, पाचाच्या वर व्हायला पाहिजेत.

---

शेंगाचटणी | ११ जानेवारी, सकाळी ७:४०

मामा, कामासाठी कोल्हापुरातच आहे आज-उद्या. माझं एक धरा. तीन झाले.